बदलू की भरू

भाचीच्या नव्या गाडीच्या पुढच्या काचेला दुपारी खडी लागली आणि संध्याकाळपासून घरात दोन पक्ष पडले. भाऊ म्हणत होता, केमिकल भरून घे, अर्ध्या तासाचं काम. आतेभाऊ म्हणत होता, बदलून टाक, कोऱ्या गाडीला ठिगळ कशाला? जेवणं उरकली तरी यांचं संपेना. शेवटी तिघं भांडत भांडतच मागच्या पायऱ्यांवर येऊन बसली. मामा तिथे आधीपासून बसलेला होता. मामानं उभा जन्म भाड्याची जीप चालवली. गाडीतलं त्याला कळतं, म्हणून भाचीनं सरळ विचारलं, "मामा, तूच सांग आता एकदाचं. बदलू की भरू?"

मामा दचकला. हातातला पाण्याचा तांब्या त्यानं खाली ठेवला.

"रात्रीचं असं विचारत जाऊ नकोस."

"का? काचेला राग येतो?" भाऊ हसला.

"माझ्या ओळखीच्या एका काचवाल्याला एका बाईनं असंच विचारलं होतं. अगदी ह्याच शब्दांत."

"भुताची गोष्ट आहे का?" आतेभाऊ सरकून जवळ आला.

"लाजेची आहे," मामा म्हणाला. "भूत आहे त्यात. पण ते मागून येतं."

आणि मामानं सांगितलं ते असं.

त्या काचवाल्याला सगळे नख्या म्हणायचे. पेट्रोल पंपाच्या बाजूला दुकानांची रांग होती, त्यातलं शेवटचं त्याचं. आत भिंतीला टेकवून काचा उभ्या, खाली जुन्या सतरंजीच्या पट्ट्या, प्रत्येक काचेवर खडूनं गाडीचं नाव. नख्या काच डोळ्यांनी बघायचाच नाही. डोळे मिटायचा आणि तड्यावरून उजव्या हाताचं नख फिरवायचा. नख कुठे अडकतं, कुठे घसरतं, त्यावरून तडा किती खोल, कुठवर गेला, सगळं सांगायचा. म्हणून नख्या. हुशार माणूस, पण हुशारीची खाज फार. बाकड्यावर चार माणसं चहा पीत बसली असली की त्याच्या अंगात यायचं.

काम सोपं असतं हो ते. नाण्याएवढी जागा टिचली असेल तर भरायची. तडा काठाला भिडला असेल तर भरायचा नाही, काच बदलायची. काठाला काळी पट्टी असते, तिच्याखाली तडा लपून बसतो, वरून दिसत नाही. नखाला मात्र लागतो. एवढाच नियम, आणि तो नख्याला झोपेत विचारला तरी सांगता आला असता.

एके दिवशी दुपारी चारच्या सुमारास एक नर्सबाई आल्या. लहानशी पांढरी गाडी, खांद्याला पिशवी. पुढच्या गावात राहायच्या आणि इथल्या दवाखान्यात रात्रपाळी करायच्या. रोज रात्री नऊला निघून एकट्या गाडी चालवत यायच्या. नवरा मास्तर, एक पोरगी.

"दादा, जरा काच बघता का? पलीकडच्या दुकानात दाखवली. ते म्हणाले, बदलावी लागेल. काच परवा येईल, बसवल्यावर एक रात्र गाडी हलवायची नाही. माझी काही हरकत नाही. दोन रात्री सुट्टी टाकीन. पण म्हटलं, तुम्हालाही एकदा विचारावं."

पलीकडचं दुकान म्हणजे टोप्याचं. डोक्यावरची टोपी आंघोळीलासुद्धा काढत नसेल असा माणूस. नख्याचं आणि त्याचं वीस वर्षांचं वाकडं.

नख्यानं डोळे मिटले. नख फिरवलं. मधून सुरू झालं, खाली उतरलं, काळ्या पट्टीपाशी आलं, आणि पट्टीच्या आत गेलं. अडकलं. थेट काठापर्यंत अडकलं.

कळलं त्याला. त्याच क्षणी कळलं. त्यात न कळण्यासारखं काय होतं!

"काय करू दादा? बदलू की भरू? तुम्ही सांगाल तसं."

नख्यानं बाकड्याकडे पाहिलं. चार माणसं कान टवकारून बसलेली.

"टोप्या म्हणाला बदला? त्याला दुसरं येतंय काय! हातात कला नसली की माणूस बदलाच म्हणणार. भरा ताई. आणि भरून झालं की त्याच्या दुकानावरून गाडी न्या. जाताना जोरात हॉर्न वाजवा."

बाकडं खदखदून हसलं. बाईही हसल्या. तरी त्यांनी परत एकदा विचारलं, "नक्की ना दादा? रात्रीचा रस्ता आहे माझा."

"हा हात आहे हात," नख्या म्हणाला.

केमिकल भरलं, ते घट्ट व्हायला निळा दिवा धरला, पुसून लखलखीत केलं. बाई गेल्या. टोप्याच्या दुकानापाशी हॉर्न वाजला तो इथवर ऐकू आला. त्या रात्री नख्यानं बायकोला सगळं रंगवून सांगितलं. टोप्याचं तोंड कसं झालं असेल ते करूनसुद्धा दाखवलं.

नवव्या रात्री बाई पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर गेल्या. समोरून ट्रक येत होता. ट्रकवाला सांगत होता, गाडी वळलीच नाही, नाकासमोर सरळ गेली आणि मोरीच्या कठड्यावर आदळली. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकलेली होती.

"आई गं," भाची म्हणाली.

"थांब. लाज अजून पुढे आहे," मामा म्हणाला.

त्यानंतर पाचव्या दिवशी मास्तर दुकानात आले. दाढी वाढलेली, चपला दोन पायांत दोन वेगळ्या. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"एकच विचारायचंय. काच तुम्हाला दाखवली होती ना तिनं? तुम्ही काय सांगितलं होतंत?"

नख्याच्या हातात पुसायचं फडकं होतं. समोरची काच स्वच्छच होती, तरी हात पुसतच राहिला.

"मी तर बदलाच म्हटलं होतं मास्तर. ऐकल्याच नाहीत."

मास्तरांनी मान हलवली. "हट्टीच होती," म्हणाले. मग जाताना वळले. "तुम्ही सांगितलंत तरी. तुमचे उपकार आहेत."

उपकार! हा शब्द ऐकून घेतला त्यानं. उभ्या उभ्या गिळला.

बाकड्यावरची माणसं? त्यांना काय आठवतंय! नख्यानं दोनदा तेच सांगितलं, तिसऱ्यांदा तीही तेच सांगायला लागली. महिन्याभरात सगळीकडे झालं, बाई हट्टी होती, काचवाला सांगून थकला. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, म्हणून त्याच्यावर काहीही ढकलायला लोकांना बरं पडतं.

घरी बायको तेवढी म्हणाली, "अहो, तुम्ही तर मला उलटं सांगितलं होतंत."

"तुला काय कळतं गं काचेतलं?" नख्या असा ओरडला की शेजारचं दार उघडलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती त्याला वाढायची तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. ताटाकडे बघून वाढायची.

दीड वर्ष गेलं. एकदा शाळेच्या खिडकीला काच बसवायला गेला. मधली सुट्टी होती. खिडकीखाली दोन मुली डबा खात होत्या. त्यातली एक अकरा-बारा वर्षांची, दुसरीला सांगत होती, "माझी आई ना, कुणाचंच ऐकायची नाही. म्हणून मेली. बाबा म्हणतात, तू तशी होऊ नकोस."

साधं बोलत होती. पाढा म्हणावा तसं.

नख्या खिडकीला पुट्टी अर्धी लावून तसाच खाली उतरला. काच सोडून दिली. घरी आला, बायकोला म्हणाला, पोटात दुखतंय. रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडला. सांगावं असं शंभर वेळा मनात आलं. पण दीड वर्षानं काय तोंडानं सांगायचं? खोट्याचं असंच आहे. पहिल्या दिवशी ते मुठीत मावतं. दीड वर्षानं त्याचं घर झालेलं असतं आणि त्यात दुसरीच माणसं राहत असतात.

मग ती रात्र. नोव्हेंबरची सतरा तारीख, गुरुवार.

कोंबड्यांची वाहतूक करणाऱ्या एकाला टेम्पोची काच पोचवायची होती, नर्सबाईंच्या गावाच्याही पुढे. नख्यानं काच व्हॅनमध्ये दोरीनं बांधली, नेऊन दिली, चहा घेतला, साडेदहाला परत निघाला. अर्धा चंद्र होता. हवा स्वच्छ. रेडिओ चालू. मास्तरांच्या गावातून जाताना नेहमी करायचा तसा त्यानं वेग वाढवला आणि मान सरळ ठेवली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी पाण्याची टाकी आली.

वळणावर एक गाडी उभी होती. लहान, पांढरी. चारही इंडिकेटर लागत होते, विझत होते. पुढच्या काचेवर मोठा तडा.

सवय वाईट. माणसाआधी त्याला काच दिसली. व्हॅन थांबवून तो उतरला.

"काय झालं हो? मदत पाहिजे का?"

कुणी बोललं नाही. आत अंधार. तो जवळ गेला. हात आपोआप पुढे झाला. नख तड्यावर टेकलं... फिरलं... मध्ये एका जागी थांबलं.

तिथे मोहरीएवढा बुडबुडा होता.

शिंप्याला आपली शिवण कळते. नख्याला आपलं भरलेलं केमिकल कळलं. त्या दिवशी हसण्याच्या नादात एक बुडबुडा राहून गेला होता.

ही गाडी त्यानं भंगारात पाहिली होती. कापलेली. चार तुकडे.

आतून आवाज आला. शांत. ओळखीचा.

"दादा... बदलू की भरू?"

नख्याचं नख तड्यावरच राहिलं.

"मी... मी सांगितलं होतं ताई. बदला म्हणून."

टिक्.

तडा बोटभर पुढे सरकला.

"तुम्ही... ऐकलं नाहीत..."

टिक्.

आता नखाखालून सरकला. थंडगार.

"दादा... रात्रीचा रस्ता आहे माझा..."

तो पळाला. व्हॅनमध्ये बसला, दार ओढलं, गाडी दामटली. आरशात बघायचं नाही, बघायचं नाही, असं म्हणत राहिला. रेडिओ बंद पडला होता. त्यानं बंद केला नव्हता.

फोन वाजला. बायको.

"कुठं आहात?"

"येतोय... जरा काचेला खडी लागली, म्हणून उशीर..."

टिक्.

त्याच्या स्वतःच्या काचेवर. डाव्या काठापासून. वीतभर.

"अहो, आवाज कसला आला?"

"काही नाही गं."

टिक्. दोन वीत.

"घाबरलात का?"

"नाही."

टिक्.

आता तडा डोळ्यांसमोर होता. तेवढ्यात समोरून ट्रक आला. दिवे काचेवर पडले आणि तड्यातून फुटले. सगळी काच पांढरी झाली. रस्ता गेला. कडेची झाडं गेली. नुसता उजेड. जाळीजाळीचा. त्यात डावं कुठलं, उजवं कुठलं, काही नाही...

नख्यानं ब्रेक दाबला. ट्रक हॉर्न मारत अगदी अंगाजवळून गेला.

व्हॅन थांबली होती. पुढचं चाक रस्त्याच्या कडेबाहेर. खाली खोल.

हे. हेच. बाईंना शेवटी हेच दिसलं होतं. आणि तो म्हणाला होता, हा हात आहे हात.

फोन सीटवर पडला होता. त्यातून बायको ओरडत होती. "अहो! बोला ना!"

नख्यानं फोन उचलला. कानाला लावला. मग म्हणाला,

"ती बाई बदलायला तयार होती. मीच भर म्हटलं. टोप्यावर कुरघोडी करायला."

त्यानं काचेकडे पाहिलं. काच गप्प होती.

"मला माहीत आहे," बायको म्हणाली. "मला काय सांगताय? जिथं सांगायचंय तिथं जा की."

त्यानं गाडी वळवली.

बारा पंचवीसला मास्तरांचं दार वाजवलं. मास्तर बनियनवर बाहेर आले. आधी घाबरले, मग ओळखलं. "या ना," म्हणाले. उपकारकर्त्याला म्हणतात तसं. बसायला खुर्ची पुढे केली.

नख्या बसला नाही. उभ्यानं सांगितलं. नख कुठे अडकलं ते. बाकड्यावर कोण बसलं होतं ते. हॉर्न वाजवायला सांगितला तेही. आधी वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. कसलं हलकं! एकेक शब्दानिशी अंगावरचा एकेक कपडा उतरवत असल्यासारखं वाटत होतं, आणि समोर बाईंचा फोटो.

मास्तर ऐकत होते. शेवटी भिंतीला धरून खाली बसले.

"दीड वर्ष," ते म्हणाले. "दीड वर्ष मी पोरीसमोर तिच्या आईला हट्टी म्हणतोय."

आतल्या दारात पोरगी उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"आईनं विचारलं होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"तुम्हाला?"

"हो बाळ. दोनदा विचारलं."

"मग ती ऐकणार होती?"

नख्याला मान वर करता येईना. "माझंच ऐकलं तिनं," तो म्हणाला.

पोरगी रडली नाही. तिनं त्याच्याकडे बघितलं, एवढंच. नख्या म्हणायचा, शिव्या दिल्या असत्या, चप्पल मारली असती तरी चाललं असतं, पण ते बघणं नको होतं.

"निघा," मास्तर म्हणाले.

दार लागलं.

"मग? सुटला?" भावानं विचारलं. आता तो हसत नव्हता.

मामानं तांब्या उचलला. पाणी प्यायला. उरलेलं पायरीखाली ओतलं.

नख्या व्हॅनमध्ये बसला. चावी फिरवली. बाजूच्या सीटचा पट्टा... खट्.

आपोआप ओढला गेला. आपोआप लागला.

सीट रिकामी होती. पट्टा सीटला चिकटला नव्हता. मध्ये अंतर होतं. माणसाएवढं.

नख्यानं दार उघडलं नाही. पळालाही नाही. कुठे पळणार? हळू निघाला. तडकलेल्या काचेतून जेमतेम दिसत होतं. बाजूला बघायची हिंमत नव्हती. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतंच.

पट्टा हलत होता.

वर... खाली...

वर... खाली...

टाकी आली. वळण आलं. तिथे गाडी नव्हती. पट्टा थांबला. वळण जाईपर्यंत थांबला. मग पुन्हा...

"ताई," तो म्हणाला. एवढंच. पुढे काय म्हणायचं? माफ करा म्हणायची लाज वाटली. ज्याचं नुकसान झालं त्यानं वर माफीही द्यायची? आपण घेणारे कोण?

शहर लागलं. दवाखान्याच्या फाटकापाशी एक दिवा असतो. तिथे त्याचा पाय ब्रेकवर गेला. त्यानं नेला की गेला, त्याला सांगता येत नाही.

खट्.

पट्टा सुटला. सर्रकन वर गेला.

दार उघडलं नाही. काही दिसलं नाही. आत व्हरांड्यात रात्रपाळीच्या बायका बोलत होत्या. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. नख्या स्टिअरिंगवर डोकं ठेवून उजाडेपर्यंत तिथेच बसला. रखवालदारानं दोनदा हाकललं, तो हलला नाही.

सकाळी व्हॅन घेऊन सरळ टोप्याच्या दुकानात गेला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

टोप्यानं काच पाहिली. "बदलावी लागेल," म्हणाला.

"बदल."

टोप्या बघतच राहिला. मग नख्यानं तिथेच, टोप्याच्या बाकड्यावरच्या चार माणसांसमोर, सगळं सांगितलं. टोप्याला टोमणा मारायची केवढी संधी होती. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "मला तो हॉर्न अजून ऐकू येतो," एवढंच म्हणाला आणि तार घेऊन जुन्या काचेचा गोंद कापायला वाकला.

काच निघाली. गोंदाची जागा पुसायला टोप्या बाजूच्या दारातून आत वाकला आणि थांबला.

"का रे, तुझ्या शेजारी कोण बसून आलं?"

"का?"

"सीट दबलीय. खोल. फोम वर येत नाहीये." त्यानं खळग्यात हात ठेवला.

झटकन काढला.

"गरम आहे रे..."